पाइप काढलेला हॉर्न

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. गाडीतून आवाज आला की कुठला नट ढिला झालाय ते बघणारा. लिंबू-मिरची बांधणाऱ्याला मी म्हणतो, बांध की राव, पण आधी ब्रेक तपासून घे. तेव्हा हसायचं तर खुशाल हसा...

कळंबला हायवेलगत माझं गॅरेज आहे. मागच्या खोल्यांत मी, बायको आणि आई राहतो. पिकअपला ट्रेनसारखे हॉर्न बसवण्यात माझा हात बसलेला. कायद्यात बसत नाही, ठाऊक आहे, पण लोक ऐकतात होय! काम साधं असतं. कॉम्प्रेसर टाकीत हवा भरतो, टाकीतून पाइप व्हॉल्व्हला, व्हॉल्व्हमधून भोंग्यांना. बटण दाबलं की व्हॉल्व्ह उघडतो. हवा नाही, तर आवाज नाही.

बिरामामा मेंढरंवाले. घोडं विकून त्यांनी बिऱ्हाडासाठी पिकअप घेतली आणि माझ्याकडून हॉर्न बसवला. रोज हॉर्न वाजवून मका टाकायचे. थोड्याच दिवसांत हॉर्न वाजला की अख्खा कळप गाडीभोवती गोल उभा राहायला लागला. मामा खूश! "आता वरडायला नको. बटान दाबलं की काम!"

पण एक दिवस हायवेवरून तसाच हॉर्न वाजवत ट्रक गेला आणि मेंढरं मका समजून रस्त्याकडं धावली. मामीनं आडवं होऊन कशीबशी वळवली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मामा गाडी घेऊन हजर. "काढ रं बाबा ही बला. एक दिस माजी बायकू जाईल ह्याच्यापायी."

मी टाकीतली सगळी हवा सोडली. व्हॉल्व्ह खोलला, पाइप ओढून काढला, भोंगे टेबलावर ठेवले. मामा शेजारी तंबाखू मळत होते. समोर, रस्त्यापलीकडच्या वावराच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली मेंढरं बसलेली. मामी तिथंच वाकळेवर आडवी झालेली.

आणि हॉर्न वाजला.

टेबलावरून नाही... पार वावराच्या आतल्या टोकाकडून. तिकडं ना रस्ता, ना गाडी. पण आवाज ह्याच हॉर्नचा. त्यातला एक भोंगा जरा चिरका वाजायचा, मीच बसवलेला, मला कळणार नाही? मी टेबलावरच्या भोंग्यावर हात ठेवला. तो थरथरत होता. आईशप्पथ!

मेंढरं उठली आणि आत पळाली. मामी शिव्या देत त्यांच्या मागं, "आरं मुडद्यांनो, कुटं निगाला!"

आम्ही तिकडं जायला निघालो, तेवढ्यात कांद्याचा ट्रक भरकटला आणि सरळ लिंबावर गेला. ड्रायव्हरचं खरचटण्यावर निभावलं. मामीची वाकळ मात्र चाकाखाली होती.

मामा धावतच मामीकडं गेले, मी मागोमाग. वावरात मेंढरं गोल करून उभी होती, तोंडं आत, मका टाकताना उभी राहतात तशी. मधे काहीच नव्हतं. नुसती ढेकळं. मामी लांबच थांबलेली, रडत होती. मामांनी मुंडासं काढून हात जोडले.

"कोण व्हतं, मामा?" मी विचारलं. माझीही भाषा गावची झाली होती.

"वाजला की उठायचं, बाबा. इचारायचं न्हाई."

हॉर्न त्यांनी नेला नाही. मी तो वरच्या फळीवर टाकला, पाइप नाही, टाकी नाही. कुणी म्हणालं वाऱ्यानं लांबच्या ट्रकचा आवाज तिकडून आला असेल. मीही तेच धरून बसलो होतो.

परवा दुपारी तो पुन्हा वाजला. आवाज आमच्या घरामागच्या शेताच्या आतून आला. फळीवरचे लोखंडी पाने खडखडले. आई म्हणाली, कुठला तरी ट्रक असेल, मी नाही उठत. मी बायकोला पुढं घातलं आणि आईला उचलून बाहेर काढलं.

हे पिंपरी पेंढारला, सासुरवाडीत बसून लिहितोय. गॅरेज आहे तसंच उभं आहे, काही झालेलं नाही. आई रोज विचारते, घरी कधी जायचं? काय सांगू तिला... मलाच कळलेलं नाही.