खो मिळेपर्यंत बसायचं

"तुम्हाला अ‍ॅडल्ट एडीएचडी आहे," असं डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी त्यांच्या टेबलावरचे पेन मोजत होतो. सात होते, दोनांना टोपण नव्हतं. मॅडमना वाक्य परत म्हणावं लागलं.

एडीएचडी म्हणजे अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. लक्ष एका जागी ठरत नाही, अंग ठरत नाही, आणि मनात आलेली गोष्ट विचार व्हायच्या आत करून झालेली असते. हा आजार लहानपणापासूनच असतो. माझा बेचाळिसाव्या वर्षी सापडला.

दवाखान्यात तीन फेऱ्या झाल्या. दुसरं काही कारण नाही ना, म्हणून थायरॉइडची रक्ततपासणी. मग लांबलचक प्रश्नावली. तिचं पहिलं पान भरून मी चहाला गेलो, ते दुसरं पान माझी वाट बघत म्हातारं झालं असेल. दर वेळी सिस्टर विचारायच्या, "सोबत कोण आहे?" मी सांगायचो, "गाडी लावतायत." तिन्ही फेऱ्यांत ती गाडी काही लागली नाही.

सोबत कोणी नव्हतं. बायको आमच्या पोरीला, श्रावणीला घेऊन पाचोडला माहेरी गेली होती. झालं असं, की एकदा मी पोरीला चित्रकलेच्या क्लासमधून आणायला निघालो होतो. क्रांती चौकात बोअरवेलची गाडी अडकलेली दिसली. मी उतरलो आणि मराठवाड्यातली सगळी वाहतूक माझ्या हाताच्या इशाऱ्यावर हलवली. दोन तासांनी आठवलं. नऊ वर्षांची पोर क्लासच्या पायरीवर, दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. रडली नव्हती, ते जास्त लागलं. पाचोडला गेल्यावर तिने एकच अट घातली: "पप्पा, फोन सात वाजता करा. नंतर मी उचलणार नाय." महिनाभरात मी एकदाही सातला केला नाही. पावणेआठला करायचो, नऊला करायचो. रिंग वाजून बंद व्हायची.

लहानपणी बघितलेलं कोणी तरी हवं, असं मॅडम म्हणाल्या, म्हणून करमाडच्या मोठ्या भावाला स्पीकरवर घेतलं. "मॅडम, हा बाकावर बसलेला मी बघितला नाय," तो म्हणाला. "पण तो सांगतो त्यातलं निम्मं सोडून द्या." मला म्हणाला, "मिल्या, ही थाप लई भारी काढलीस." आयुष्यभर थापा मारल्याचा हा तोटा. खरं सांगायची वेळ आली, तर ऐकायला माणूस नाही.

मॅडमनी गोळी दिली आणि म्हणाल्या, "व्यायाम गोळीच्या जागी नाही, जोडीला. घाम आल्यावर काही वेळ डोकं शांत वाटेल. महत्त्वाचं काम त्या वेळात करा."

जिममध्ये त्या पळत्या पट्ट्यावर चार मिनिटांत मला चाळिशी उतरून साठी लागली. मग रस्त्यावर पळालो. माझ्या दुकानात सांगितलं, दौलताबादपर्यंत गेलो, किल्ला स्वागताला खाली आला होता. गेलो होतो कोपऱ्यावरच्या पानटपरीपर्यंत.

शेवटी कॉलनीच्या मैदानावर शेख सर भेटले. निवृत्त पीटीचे मास्तर. रोज संध्याकाळी साडेपाचला मोठ्या माणसांचा खो-खो घ्यायचे. खो-खोत पाठलाग करणारा एकच, त्याच्या बाजूचे बाकीचे रांगेत उकिडवे, एकाचं तोंड इकडे, शेजाऱ्याचं तिकडे. पाठीवर थाप पडून "खो" ऐकू येईपर्यंत उठायचं नाही.

आणि मी उठायचो. पहिल्या दिवशी तर इतक्यांदा, की रांगेला वाटलं मी कवायत करतोय.

"मियां, खो मिला क्या?" सर म्हणाले.

"नाही सर."

"फिर कायको उठ्या? बैठ."

"सर, मला आजार आहे. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

सगळे हसले. सर हसले नाहीत. "तो बैठके दिखा," म्हणाले. "आज एक बार. कल दो बार."

त्या रांगेत बसल्यावर फार एकटं वाटायचं. शेजारी दोन्ही बाजूंना माणसं, आणि दोघांचीही पाठ. पण तिथं करण्यासारखं दुसरं काहीच नसतं, आणि अंगाला ठाऊक असतं की आता सुटायचंय. सतराव्या दिवशी मी पूर्ण डाव न चुकता बसलो. खो मिळाल्यावरच उठलो आणि असा पळालो, की दोन गडी बाद. सहा म्हणणार होतो, पण दोनच.

साडेसहाला मैदान सुटलं. डोक्यातला बाजार उठला होता. घरी न जाता मी तिथंच कट्ट्यावर बसलो आणि सातला फोन लावला.

दुसऱ्या रिंगला श्रावणीने उचलला. तिने शाळेतलं भांडण सांगायला घेतलं. लांबलचक, मधेच मागं जाणारं, माझ्यासारखं. मी मधे न बोलता ऐकत राहिलो, हे तर नवलच. तिच्या मैत्रिणीचं नाव आरोही नाही, अनुष्का आहे, हे मला तेव्हा कळलं.

"आता सांगा, मी काय काय सांगितलं," ती म्हणाली.

अजून त्या दोघी पाचोडलाच आहेत, गोळी चालू आहे, आणि मी अजूनही अधूनमधून खोच्या आधी उठतो. तुमच्यापैकी कोणाला हे निदान झालं, तर गोळीची लाज धरू नका, आणि जिथं घाम येईल असा एखादा खेळ धरा. शेख सरांचे उपकार मी कुठं फेडू, मला माहीत नाही. त्या संध्याकाळी मी पोरीला तिचं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत परत सांगितलं. पदरचा एक शब्द घातला नाही.