हळू म्हटलेली ओळ

माझं काम लोकांना सांगायला गेलं की पंचाईत होते. "जुनी गाणी नवीन करते," म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "म्हणजे रीमिक्स का?" नाही हो, रीमिक्स नाही. रीमास्टर. गाणं तेच, गाणारी तीच, वाजवणारेही तेच. मी फक्त जुन्या टेपवरून ते उतरवते, खरखर पुसते आणि आजच्या मोबाईलवर नीट वाजेल असं करून देते. हे झालं सांगण्यापुरतं. खरं म्हणाल तर मी गाण्यांच्या माना मुरगळते आणि वर त्याचा पगार घेते.

कसं ते सांगते. कॅसेटच्या जमान्यातले पॉप अल्बम काढून ऐका. गाणं चढायचं, उतरायचं. बाई हळूच सुरू करायची, कोरस आला की अंगावर यायचं. मला काम देणाऱ्या म्युझिक कंपनीला ते चालत नाही. कंपनीचे साहेब फोनवर एकच पालुपद लावतात, "मॅडम, थोडा और लाऊड. बाकीच्या गाण्यांच्या बाजूला लागलं तर आपलं बारीक वाटायला नको." मग मी बारीक आवाज वर ओढते, मोठा आवाज वरून छाटते आणि सगळं एका उंचीवर आणून ठेवते. इथे जवळच दापोड्याच्या गोडाऊनमध्ये कापडाचा गठ्ठा मशीनमध्ये घालून दाबतात ना, तसं. गठ्ठा सुबक होतो, ट्रकमध्ये जास्त मावतो. आत पातळ मलमल होती की जाड चादर, ते बाहेरून कळत नाही.

आणि हे कानाचं काम मी करते कुठे, तर भिवंडीत, आई-बाबांच्या दोन खोल्यांच्या घरात, माळ्यावर. भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. दोन शिफ्ट, सतत खडखड. हेडफोन घातला तरी ती हाडांतून येते. दुसरीकडे जागा घ्यायची ऐपत नाही, आणि असती तरी या दोघांना सोडून जायची हिंमत नाही. लाईट गेली की सगळी गल्ली वीजवाल्यांच्या नावाने बोटं मोडते. मी मात्र धावत माळ्यावर जाते. लूम बंद, कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर. तास-दीड तास मिळाला तर मिळाला, तेवढाच माझा स्टुडिओ.

बाबांनी त्याच कारखान्यात तीस वर्षं ड्युटी केली. कानात कधी कापसाचा बोळा, कधी तोही नाही. आता त्यांना अर्धंमुर्धं ऐकू येतं. "ठार बहिरे झाले असते तर खुणा तरी केल्या असत्या," आई म्हणते. खुणा नाहीत, म्हणून ती ओरडते. पंधरा वर्षं झाली, ती ओरडतेच आहे. "चहा ठेवलाय!" "गोळी घेतली का!" "पोट साफ झालं का!" या शेवटच्या प्रश्नावर शेजारची भाभी खिडकीतून विचारते, "हो गया क्या चाचा का?" आईचा गळा फाटून फाटून खरखरीत झालाय.

आमच्या घरात कुजबुजण्यासारखं काही बोललंच जात नाही. बोलणार कसं? माझं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा ते बाबांना कळवायला आईला तीनदा ओरडावं लागलं. चौथ्यांदा सांगायची गरज पडली नाही, गल्लीतलेच दोघं-तिघं सांत्वन करायला आले. मी माळ्यावर तोंडात ओढणीचा बोळा कोंबून रडले. एवढा संताप झाला होता म्हणून सांगू! पण संताप करायचा कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

मागच्या वर्षी मी बाबांना कान तपासायला ठाण्याला घेऊन निघाले. वाटेत कशेळीला नेहमीप्रमाणे ट्रक अडकलेले. रिक्षा पाऊण तास एका जागी. घाम, धूर, पुढे कंटेनर, मागे कंटेनर, उतरून चालायलाही वाट नाही. आणि बाबा एकदम बोलले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे ते बोलले म्हणजे शेजारच्या टेम्पोवाल्यानेही मान वळवली.

"तुझी आई माझ्यावर एवढी रागावलेली का हाय गं?"

मी म्हटलं, "कोण? आई?"

"पंधरा वर्सं झाली. शब्दाला गोडी न्हाय तिच्या. काय केलं मी? दारू न्हाय, काय न्हाय. पगार हातात देत व्हतो. यकदा धड बोलंल, तर मरायला मोकळा."

रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघायला लागला. ती रागावलेली नाही हो बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून ओरडते, हे मी सांगितलं. कसं सांगितलं? ओरडूनच. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता तू पन."

तपासणारी मुलगी हुशार होती. म्हणाली, "यांना बारीक ऐकू येत नाही आणि जरा मोठं झालं की लगेच टोचतं. मधली जागा फार थोडी उरलीये. हळू काय, जोरात काय, यांना सगळं साधारण सारखंच लागतं." मी तिच्या कागदाकडे बघत राहिले. हे तर माझंच काम! मी गाणी दाबते, यांचा कान लूमने दाबून ठेवला होता. फरक इतकाच, की माझ्याकडे मूळ टेप शिल्लक असते. कानाचं मशीन घेतलं, पण दोन दिवसांत बाबांनी कपाटात टाकलं. "त्यात पयला लूमच बोलतो," म्हणाले.

त्यानंतर महिन्याभराने कंपनीने जुन्या टेपांचं खोकं पाठवलं, आणि त्यात आईचा अल्बम निघाला.

तिचा म्हणजे एकटीचा नव्हे. लग्नानंतर एक-दोन वर्षांत वस्तीतल्या वाद्यवृंदाने कीबोर्ड, ऑक्टोपॅड घेऊन पॉपचा अल्बम काढला होता. सहा गाणी, त्यातलं एक आईचं. मग मी झाले, वृंद फुटला, गाणं राहिलं. आमची कॅसेट कधीच खराब झालेली, त्यामुळे मी ते गाणं धड ऐकलेलंच नव्हतं. त्या दिवशी दुपारी लाईट गेल्यावर लावलं. ठेका जोरदार, आईचा आवाज ठणठणीत. आणि शेवटच्या कडव्यात सगळी वाद्यं थांबतात. एकटी आई, जवळजवळ बोलल्यासारखं म्हणते, "जायचं तर जा, पण दार ओढून घेऊ नकोस." इतकं हळू, की शब्दाआधी ओठ सुटल्याचा आवाज ऐकू येतो.

मी ढसाढसा रडले. हा आवाज माझ्या आईचा? मग मला एवढी वर्षं का नाही दिला कुणी?

साहेबांना मी फोन केला. म्हटलं, बाकीचं हवं तेवढं दाबते, ही ओळ दाबणार नाही. ते म्हणाले, "मॅडम, लोक गाडीत ऐकतात, तिथे गॅप वाटेल." मी म्हटलं, वाटू दे. दुसरं कोणी शोधा नाहीतर. माझ्या तोंडून हे कसं निघालं देव जाणे. पण ते कबूल झाले, आणि ओळ तशीच राहिली. मी जाम खूश.

बाबांना टेपचं कळलं आणि ते त्या वयात शिडी चढून माळ्यावर आले. "ते तिचं गाणं लाव. त्यात ती रागावलेली न्हाय. मला ठावं हाय, मी व्हतो तितं, कोपऱ्यात उभा. त्या शेवटच्या ओळीला माझ्याकडं बगत व्हती." मी माझं जिवापाड जपलेलं गाणं लावलं. ते खुशीत मान डोलवत होते. शेवटचं कडवं आलं, वाद्यं थांबली. बाबांची मान थांबली. ओळ आली, गेली. कोरस सुरू झाला तसे ते दचकले.

"मधी टेप तुटली का?" त्यांनी विचारलं.

मी परत लावलं. आवाज वाढवला, तर ठेक्याने त्यांचा कान दुखला आणि ओळ तरीही आली नाही. नुसती तेवढीच ओळ लावली, तर पलीकडचा लूम तिच्यावर बसला. ते हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून बसले होते, लहान मूल बरणीत डोकावतं तसे. "न्हाय," म्हणाले. "गेलं ते."

इकडे आड तिकडे विहीर. ओळ आहे तशी ठेवली तर ज्याच्यासाठी म्हटली त्यालाच ती पोचत नव्हती. आणि पोचवायची एकच रीत मला येत होती, जिला मी इतकी वर्षं शिव्या घालत आले. चार दिवस मी टाळलं. पाचव्या दिवशी दुपारी लाईट गेली, मी बसले आणि आईची ती ओळ वर ओढून दाबली. थोडी नाही. साहेबांनीही कधी मागितली नसेल इतकी. ओठ सुटायचा आवाज चपलेच्या फटक्यासारखा झाला. शब्द खणखणीत झाले. बाकीच्या गाण्याइतकीच उंच, तसूभर कमी नाही.

बाबांना खालीच हेडफोन दिला. आई ओट्याशी गवार मोडत होती. "काय चाललंय बापलेकीचं?" तिने मला विचारलं. मी म्हटलं, तुझं गाणं. "काही कामधंदा नाही का तुम्हाला!" म्हणाली, पण गवार मोडायची थांबली.

मी बाबांच्या तोंडाकडे बघत होते. वाद्यं थांबली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. मग डोळे उघडले. ऐकू आलं होतं, मला कळलं, प्रत्येक शब्द ऐकू आला होता. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आवाज तिचाच हाय," ते म्हणाले. "पन हितंबी रागातच हाय गं. मीच येडा. मला वाटलं व्हतं, तवा तरी नसंल."

आईने हात पदराला पुसले. ती येऊन त्यांच्यासमोर खाली बसली, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, मी रागावलेली नाहीये." हळू म्हणजे अगदी हळू. तो आवाज तिच्या गळ्यात अजून होता.

बाबांनी तिच्या ओठांकडे बघितलं. "काय?"

"मी रागावलेली नाहीये."

"आं?"

आईने दम घेतला. मानेच्या शिरा फुगल्या.

"मी रागावलेली नाहीये तुमच्यावर!"

लाईट अजून आली नव्हती, लूम बंद होते. पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं असणार. बाबा जरा मागे सरकले, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बग. आता तूच बग."