सर्व्हरशी सरळ बोलणारा

ऑफिसात त्याला मागून 'काळी खिडकी' म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि काडीचंही वाईट वाटत नसे, कारण नावं ठेवणाऱ्यांची लायकीही त्याला ठाऊक होती. बाकीचे सगळे रंगीत पडद्यावरची गोंडस बटणं दाबत बसायचे. हा कॉम्प्युटरवर एक काळी खिडकी उघडून थेट सर्व्हरशी बोलायचा. सर्व्हरचा पत्ता लिहायचा आणि जोडणी झाली की एकेक ओळ टाकायची: आत काय काय आहे दाखव, या कप्प्यात जाऊ दे, अमुक आणून दे. एन्टर दाबलं की लगेच उत्तर, आणि उत्तराच्या माथ्यावर एक आकडा. दोनशे म्हणजे काम झालं, चारशे चार म्हणजे मागितलेलं इथे नाहीच, पाचशे म्हणजे सर्व्हरचंच डोकं फिरलंय. इतकं स्वच्छ बोलणं माणसांना कुठून जमणार, असं त्याचं मत. मॅनेजरच्या केबिनमधून बाहेर पडताना तो पुटपुटायचा, 'चारशे चार'.

कंपनी कोल्ड रूमवर नजर ठेवणारं यंत्र विकायची. फुलं, मासे, औषधं ठेवायच्या खोलीत एक डबी बसवली की ती आतलं तापमान सर्व्हरला कळवत राहायची आणि मालकाला ते फोनवर दिसायचं. हिरवा दिवा म्हणजे सगळं उत्तम. तो हिरवा दिवा गावभर विकत फिरणारा त्याचा साडू.

साडूचं नाव निघालं की याच्या कपाळावर आठी चढायची. कडक इस्त्री, तोंडात साखर, आणि डोक्यात मोकळं मैदान. सर्व्हर कुठे असतो असं कुणी विचारलं तर साडू वर आभाळाकडे बोट करायचा. तरी ऑफिसात बढती त्यालाच आणि सासूबाईंच्या कौतुकाचा पहिला घासही त्यालाच. अख्ख्या सासरवाडीत याला माणूस वाटायची ती एकटी मेहुणी, साडूची बायको. तिचं फुलांचं दुकान होतं. हॉटेलांच्या, मोठ्या समारंभांच्या सजावटी ती करायची. याच्या तिरकस बोलण्यावर सगळे नाक मुरडायचे, ती तेवढी पोट धरून हसायची. दुकानामागच्या कोल्ड रूममध्ये अर्थातच नवऱ्याने बसवलेली डबी होती.

एका रविवारी दोन्ही जोडपी मेहुणीकडे जेवायला बसली होती. दुसऱ्या दिवशी एका हॉटेलातली सजावट तिच्याकडे होती, खोली लिली आणि गुलाबांनी खच्चून भरली होती. साडूने फोन पुढे केला. चार अंश, हिरवा दिवा. दुकानात पाऊल न टाकता आपण कसे निवांत जेवतो आहोत, यावर त्याचं भाषण सुरू झालं.

याला ऐकवेना. लॅपटॉप तो पाहुणा म्हणून जातानाही घेऊन जायचा. माणसांचा वीट आला की त्यात तोंड खुपसता येतं. ताटाशेजारीच त्याने काळी खिडकी उघडली आणि मेहुणीच्या डबीचं शेवटचं बोलणं मागवलं. सर्व्हरने इमानदारीत सांगितलं: चार अंश, आणि पुढे वेळ, आदल्या रात्री दुकान बंद झाल्यानंतरची. म्हणजे डबी कालपासून मुकी होती. फोन बिचारा तोच जुना आकडा हिरव्या रंगात मिरवत होता.

डबी आणि खोली विजेच्या एकाच लाइनवर चालतात, हे त्याला माहीत होतं. डबी गप्प म्हणजे थंडावाही गेला असू शकतो, हे ध्यानात यायला त्याला क्षणही लागला नाही. त्याने लॅपटॉप मिटला, साडूकडे बघून ओठ वाकडे केले आणि म्हणाला, "हिरवा दिवा बघून झोपणाऱ्यांचं देव भलं करो. मुडदेसुद्धा चार अंशांतच ठेवतात."

मेहुणी हसली. साडूने भाजी पुढे सरकवली. याच्या बायकोने टेबलाखालून याच्या पायावर पाय दिला. आपण सांगितलं, आता ज्याचं त्याने बघावं, असं मनाशी म्हणून तो जेवायला लागला. साडूची फजिती उद्या कशी होईल या विचाराने त्याला दोन घास जास्तच गेले.

सोमवारी सकाळी खोली उघडली तेव्हा आतून कुबट वाफ आली. लिली लगद्यासारख्या झाल्या होत्या. हॉटेलने काम दुसऱ्याला दिलं. ऑफिसात साडूने सगळं नेटवर्कवर ढकललं. याने काळी खिडकी मोठ्या पडद्यावर लावली, कालचीच ओळ टाकली आणि तारखेवर बोट ठेवलं. साडूच्या इस्त्रीला प्रथमच सुरकुती पडलेली त्याने पाहिली. जेवणाची सुट्टी होताच तो ताठ मानेने दुकानात गेला.

मेहुणी बादल्या रिकाम्या करत होती. तिने वर न बघताच विचारलं, "भावोजी, तुम्हाला कालच माहीत होतं?"

"मी सांगितलं होतं."

"काय सांगितलंत?"

त्याने तोंड उघडलं आणि कालचं वाक्य जिभेवर आलं. ओल्या, काळ्या पडलेल्या फुलांच्या ढिगापुढे ते उच्चारवेना.

"तुम्ही तर रोजच असं बोलता," ती म्हणाली. "त्यातलं कुठलं खरं धरायचं, हे आम्हाला कसं कळणार? 'जरा खोली बघून ये' एवढं म्हणाला असतात तर मी हात न धुता धावले असते."

बाह्या सरसावून त्याने एक बादली उचलली, तर तिने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

पुढे त्याने फोनवरच्या दिव्यात बदल करून घेतला. डबी गप्प झाली की दिवा आता करडा होतो. साडू तोही मोठ्या ऐटीत विकतो, आणि साडूबद्दलचं याचं मत तसूभरही बदललेलं नाही. मेहुणी मात्र याच्या बोलण्यावर हसायची थांबली. घरी जमल्यावर त्याने काहीही म्हटलं, अगदी दूध उतू जातंय म्हटलं, तरी ती शांतपणे विचारते, "खरं सांगताय की नुसतं बोलताय?"

साडूच्या देखत त्याला याचं उत्तर दर वेळी द्यावं लागतं. दात आवळून तो म्हणतो, "खरं सांगतोय." मगच ती उठते.