नाव उलार होते तेव्हा

सज्जनहो, मन क्षणभर पाण्यापाशी आणा. आजची कथा राजाची नाही, ऋषीची नाही. भवसागराचा शब्दही ज्याने कधी उच्चारला नाही, पण माणसे पैलतीरी नेण्यात ज्याने आयुष्य वेचले, त्या नत्थुजी भोयाची आहे.

चांदूर बाजाराच्या उत्तरेस, डोंगराच्या पायथ्याशी एक विस्तीर्ण तलाव होता. मधोमध उंचवट्यावर देवीचे ठाणे. तिथे नाव एकच, नत्थुजीची. दूरदेशीच्या लढाईने वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते, गावोगाव नव्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, धावत होत्या. कापड मात्र इतके महागले, की नत्थुजीच्या शिडाला ठिगळ हवे होते तेव्हा त्याच्या बायकोने, जमुनाने, आपले जुने लुगडे काढून दिले.

त्याच दिवसांत खुशालराव पाटलांनी दिवसभरासाठी नाव ठरवली, ती आईसाठी. खुशालराव लहानपणी तापाने फणफणले, तेव्हा आईने, पार्बताबाईंनी, नवस केला होता, याला पाण्यावरून तुझ्या पायांशी आणीन. मूल वाचले, पण पाण्याच्या भयाने माउलीचे पाऊल नावेत पडेना. मुलाचे केस पिकले, नवस तसाच राहिला. देह थकला होता, आता ही एकच ओढ उरली होती.

काठावर नत्थुजीने सगळ्यांना प्रेमाने समजावले. शीड भरले की नाव एका कुशीवर कलेल, ते तिचे चालणेच आहे. वारा मध्येच पडेल, तेव्हा धीर धरायचा. आणि काही झाले तरी जागा सोडायची नाही. खुशालराव हसले. जन्मभर बंडी हाकली, आता बसायचेही शिकावे लागते का, असे म्हणून ते आईला धरून नावेत बसले. धाकटे बंधू पंजाबराव त्यांच्या शेजारी.

वारा आला, शीड भरले, नाव सुरेख निघाली. अर्ध्या वाटेवर एक मोठी लाट आली आणि नावेचे तोंड वर उचलले. दोघे बंधू एकदम उठले आणि पुढे धावले. तोंड खाली दबले, पाणी आत शिरले, पार्बताबाईंनी डोळे मिटून घेतले. नत्थुजीने शिडाची दोरी सोडून दिली. वारा निसटला, नाव डुचमळत सावरली.

"कावून उठले, पाटील?" त्याने कारण विचारले.

"बंडी उलार झाली ना," खुशालराव धापा टाकत म्हणाले.

चढावर मागचे ओझे भारी झाले की जू वर उचलते, बंडी उलार होते; मग आतल्या माणसांनी पुढे सरकायचे. काळ्या मातीतल्या माणसाच्या अंगात हे दुधाबरोबर उतरलेले असते.

नत्थुजी म्हणाला, "चुकी माही हाय. म्या पान्याचं सांगतलं, तुमी बंडीवाले आहा, हे इसरलो."

लोट्याने पाणी उपसताना खुशालरावांनी नाव मागे वळवायला सांगितले. पार्बताबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "आता फिरलो, तं मी पुन्ना नावेत पाय टाकनार नाई रे, खुशाल."

सज्जनहो, अंगात मुरलेली सवय हुकुमाने जात नाही, हे नत्थुजीला उमगले. तो रागावला नाही. त्याने दोघा बंधूंना नावेच्या तोंडाकडे पाठ करून बसवले, म्हणजे ते वर उचललेले दिसणारच नाही. आणि माउलीचे डोके खुशालरावांच्या मांडीवर ठेवले. मग दोरी ओढली.

लाटा आल्या. खुशालरावांचे अंग दोनदा ताठ झाले. पण मांडीवर आई होती. ते हलले नाहीत.

ठाण्यापाशी नाव बांधायला खांब नव्हता, खुंटी नव्हती. मंडळी वर गेली, तेव्हा नत्थुजी गुडघाभर पाण्यात दोन्ही हातांनी नाव धरून उभा राहिला. देवीचे दर्शन तो नेहमी तिथूनच घेई. नवस फेडून पार्बताबाई मुलाच्या आधाराने उतरल्या आणि थेट पाण्यात आल्या. नत्थुजीचे हात गुंतलेले पाहून त्यांनी प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा स्वतः त्याच्या तोंडात घातला.

"खाय बाप्पा," त्या म्हणाल्या. लुगड्याचा काठ भिजत होता, तिकडे त्यांचे लक्षच नव्हते.