कोमलच्या मापाचं काहीतरी दाखवा

दौंडला आमच्या कॉलेजच्या ऑफिसात डबे उघडले की पहिला घास तोंडात जायच्या आत कुणीतरी विचारतंच, "मॅडम, कोमलचं नवीन काय?" पण त्यांचं तरी काय चुकलं? लोक दुकानात जातात आणि कपडे घेऊन येतात. आम्ही कोमलला घेऊन जातो आणि किस्सा घेऊन येतो. तिच्या कपाटात कपडे चार, आणि किस्से एवढे की दार लागत नाही!

कोमल म्हणजे माझी भाची, थोरल्या भावाची, बापूदादाची मुलगी. मांडवगण फराट्याला असते. नुकतीच बारावी झाली. गोळा फेकते आणि लांब फेकते. उंची पाच फूट अकरा. खांदे असे की देवघराच्या दारातून जाताना तिला जरा तिरकं व्हावं लागतं. नाव कोमल का ठेवलं, असं कुणी विचारलं की वहिनी चिडते. "तवा कोमलच हुती वो! एवढीशी हुती!"

यंदा पुण्याच्या एका कॉलेजात खेळाडूंच्या कोट्यातून तिचं नाव यादीत आलं. हॉस्टेल, जेवण, कोच, सगळं तिथेच. मैदानावरची चाचणी तिने हसत हसत पार केली. राहिला फक्त इंटरव्ह्यू. आणि मोबाईलवर मेसेज आला, "फॉर्मल ड्रेस अनिवार्य."

कोमल म्हणाली, "मग मी न्हाई जात."

आम्हाला कारण माहीत होतं. दहावीच्या निरोप समारंभाला वहिनीने तिला साडी नेसवली होती. ब्लाऊज उसना. स्टेजवर सरांना हार घालायला पोरीने हात वर केले आणि ब्लाऊजची बाही खांद्यापासून सुटली. सगळा हॉल हसला. तीही हसली, पण घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोलली नाही. त्या हॉलमधल्या लोकांचा मला आजही राग येतो. तेव्हापासून ती लग्नालासुद्धा ट्रॅकसूटवर येते आणि खांदे पाडून, पाठीला पोक काढून कोपऱ्यात उभी राहते.

इंटरव्ह्यूला गेली नाही तर पुणं हुकणार, कोच हुकणार, आणि गोळा पडणार घरात वहिनीच्या पिठाच्या डब्याशेजारी. मी म्हटलं, "ती जाणार. कपड्यांचं मी बघते."

हे बोलायच्या आधी मी एकदा दुकानं बघायला हवी होती!

*

पहिली स्वारी शिरूरला, लेडीज शोरूममध्ये. मी, वहिनी आणि कोमल. काउंटरवरच्या पोरीने कोमलला खालून वरपर्यंत पाहिलं आणि एक फॉर्मल कुर्ता पुढे केला. "ताई, हा फ्री साईज हाय. कुणालाबी बसतो."

कोमल ट्रायल रूममध्ये गेली. बराच वेळ गेला. मग आतून बारीक आवाज आला, "आत्या, आत ये ना."

आत पाहते तर कुर्ता छातीपर्यंत उतरलेला, दोन्ही हात वर, आणि तोंड कुर्त्यातच! ना वर जाईना, ना खाली येईना. मी ओढलं, वहिनीने ओढलं, शेवटी काउंटरवरची पोरगीही आली आणि स्टुलावर चढून ओढायला लागली. एकदाचं डोकं बाहेर निघालं. पोरगी घाम पुसत म्हणाली, "ताई, बसतो म्हणलं हुतं. निघतो म्हणलं न्हवतं!"

*

मग दादाला जोर चढला. "दुकानं कशाला फिरायची? ऑनलाईन मागवू." त्याने शेत मोजायचा टेप आणला, कोमलला अंगणात उभं केलं, माप घेतलं आणि मोठ्या ऐटीत पुरुषांचा एक आकाशी शर्ट मागवला. शर्ट आला. त्यावर स्लिम फिट लिहिलं होतं, ते दादाने वाचलं नव्हतं. कोमलचा एक हात बाहीत गेला, दुसरा दारातच अडला.

"रिटर्न टाक," दादा म्हणाला. रिटर्न टाकला.

दुसऱ्या दिवशी कुरियरचा मुलगा वस्ती शोधत शोधत आला. ऊस चुकवत, कुत्री चुकवत. वहिनी पिशवी आणायला आत गेली, तर पिशवी रिकामी! झालं होतं असं की आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सकाळी शर्ट खुंटीला पाहिला, अंगात घातला, आणि खाली धोतर नेसून निघूनही गेले. ऐंशीच्या घरातला माणूस, अंगाने काटक. शर्ट असा बसला म्हणे, जसा त्यांच्यासाठीच शिवला होता.

मुलगा वैतागला. "अवो काकी, शर्ट कुठं हाय?"

वहिनी म्हणाली, "ग्रामपंचायतीत गेलाय."

"आन् कवा येणार?"

"मीटिंग उठली की!"

*

दौंडला रेडिमेडचं एक मोठं दुकान आहे. तिथे मी, दादा आणि कोमल गेलो. मालक गोड माणूस. कोमलकडे बघत दादाला विचारलं, "भावासाठी घ्यायचंय का ताईच्या? माप आणलंय?"

कोमल म्हणाली, "माप चालत आलंय."

एक पांढरा शर्ट घेऊन ती ट्रायल रूममध्ये गेली. ट्रायल रूम एकच, आणि बाहेर एक कॉलेजचा पोरगा जीन्स घेऊन ताटकळलेला. त्याने दार वाजवलं, "भाऊ, आवरा ना लवकर!" दार उघडलं. कोमल बाहेर आली आणि त्याच्यावर सावली पडली. पोरगा दोन पावलं मागे सरकला. "सॉरी दादा... ताई... मॅडम!" एका दमात तीन प्रमोशनं! जीन्स काउंटरवर ठेवून तो जो गेला, तो पुन्हा दिसला नाही.

शर्ट खांद्यात बरोबर बसला होता, पण कमरेला एवढा घोळ की त्यात अजून एक कोमल मावली असती. लहान साईज घालावी तर खांद्यात चढत नाही. मालकाने सगळं रॅक उपसलं. शेवटी हात टेकले. "साहेब, खांदा असा आन् कंबर अशी... असली बॉडी कुठलीच कंपनी बनवत न्हाई."

दादा ताठ झाला. "आम्ही बनवली न्हवं!"

मी दुकानात एवढी हसले की मालकाने माझ्यासाठी पाणी मागवलं. कोमल मात्र हसली नाही. ती पुन्हा खांदे पाडून उभी होती. घरी येताना गाडीत म्हणाली, "आत्या, राहू दे ना. तू कशाला वणवण करतीस?" पण मी आत्या आहे, आई नाही. मी म्हटलं, "गप बस. तुझं माप मिळेपर्यंत मी सगळा तालुका ट्राय करीन!"

*

शिवूनच घ्यायचं ठरलं. शिरूरला लेडीज टेलर म्हणाला, "हे जेंट्सवाल्याचं काम." जेंट्सवाला म्हणाला, "पोरगी हाय, हे लेडीजवाल्याचं काम." शेवटी बाजारपेठेतल्या एका मास्तरांनी हो म्हटलं. शर्ट, पँट, वर ब्लेझर. पण पोरीचं माप घ्यायला ते लाजायला लागले. टेप गळ्यात, नजर जमिनीवर. शेवटी आतून बायकोला हाक मारली. काकू कणकेचे हात धुऊन आल्या, मास्तर पाठ करून बसले, काकूंनी टेप लावायचा आणि ओरडून आकडे सांगायचे, असं ठरलं.

खांदा सांगितला, मास्तरांनी लिहिला. छाती सांगितली, लिहिली. मग काकू ओरडल्या, "दंड, अठरा!"

मास्तर मागे न बघता म्हणाले, "मांडी न्हाई, आधी दंड सांग."

"दंडच सांगत्येय!"

काकूंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी तोच टेप उचलला आणि नवऱ्याच्या दंडाला लावला. बराच वेळ आकडा बघितला. मग आम्हाला म्हणाल्या, "जाऊ द्या. चहा टाकते. ह्यांच्यासाठी दूधच आणते!"

*

आता कापड. मास्तर म्हणाले, "पोरीची उंची बघता पँट आन् ब्लेझर मिळून तीन पीस लागतील. आन् एकाच थानातले पायजेत."

वहिनीचे डोळे चमकले. कारण आमच्याकडे लग्नात मिळालेला आहेराचा कपडा कुणी शिवत नाही. तो ट्रंकेत जातो आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या ट्रंकेत जातो. मागे गावच्या सोसायटीच्या चेअरमननी मुलाच्या लग्नात सगळ्या भावकीला नेव्ही ब्लू रंगाचे पँटपीस वाटले होते. कापड एक नंबर! आबांना मिळालेला पीस ट्रंकेत सापडला. दुसरा शेजारच्या चुलत्यांकडून चहावर सुटला. राहिला तिसरा, खुद्द दादाचा.

"तो मी कुरकुंभच्या पाव्हण्यांला दिला," दादा छताकडे बघत म्हणाला.

कुरकुंभला फोन लावला, स्पीकरवर. पाहुणे म्हणाले, "तो व्हय? तो आम्ही कोरेगाव भीमाला साखरपुड्यात दिला." कोरेगावला लावला. तिकडून आवाज आला, "अहो, तो तर तुमच्याच गावात हाय! चेअरमनच्या वास्तुशांतीला दिला न्हाई का!"

ज्यांनी वाटला, त्यांच्याच घरी पीस परत!

मी आणि वहिनी गेलो. चेअरमनच्या काकींनी चहा दिला, चिवडा दिला, कोमलची चौकशी केली, आणि कपाटातून तो पीस काढला. प्लास्टिकसुद्धा फाटलेलं नाही. काकी म्हणाल्या, "कोरेगावच्या पाव्हण्यांनी दिलाय. एवढा भारी कोण देतं वो आजकाल? आमच्या पोराच्या लग्नात आम्ही दिला हुता, अगदी तसाच हाय बघा."

वहिनी पंख्याकडे बघायला लागली. मी चिवड्यातले शेंगदाणे निवडायला लागले.

काकींनी पीस वहिनीच्या हातात ठेवला. "घेऊन जा. पोरीचं काम महत्त्वाचं. पण बापूला म्हणावं, ह्या डावाला शिवून टाक. परत फिरून आला तर मी घ्यायची न्हाई!"

*

ट्रायलच्या दिवशी कोमल मास्तरांच्या आरशापुढे उभी राहिली. मास्तरांनीच शिवलेला आकाशी शर्ट, नेव्ही ब्लू पँट, वर ब्लेझर. कुठे घोळ नाही, कुठे ताण नाही. काकू म्हणाल्या, "हात वर कर." कोमल घाबरली. मला तो निरोप समारंभ आठवला, तिलाही आठवला असणार. तिने हळूहळू दोन्ही हात वर केले. काही उसवलं नाही. मग तिने खांदे मागे घेतले, आणि मला कळलं की आमची पोर इतकी वर्षं केवढी वाकून उभी होती. मला रडू आलं. दादा म्हणाला, "रडू नको, कापड भिजंल!"

आता शेवटचा किस्सा. इंटरव्ह्यूचा.

पुण्याला आम्ही तिघे गेलो. गेटवर वॉचमनने कोमलला कडक सलाम ठोकला. तिला वाटलं, पुण्यात पद्धत असेल. तिनेही मान हलवली. कॉरिडॉरमध्ये यादी लावलेली, पहिलंच नाव कोमलचं. बाकड्यांवर पोरं आणि त्यांचे आईबाप बसलेले. कोमल दिसताच एक बाप उठून उभा राहिला. त्याचं बघून दुसरा. मग अख्खी रांग! "गुड मॉर्निंग मॅडम!" एवढं सगळं झाल्यावर कोमल आणखीच ताठ झाली.

तेवढ्यात शिपाई धावत आला. "या मॅडम, इकडून या." मग दादाकडे वळून म्हणाला, "ड्रायव्हर का? गाडी मागच्या बाजूला लावा." मला शिपायाने 'मॅडमची' बॅग धरायला लावली.

शिपायाने दार पूर्ण उघडलं. आत टेबलामागे तीन साहेब आणि एक रिकामी खुर्ची. तिघेही लगबगीने उभे राहिले. मधले साहेब हसत पुढे आले, खुर्ची मागे ओढली आणि म्हणाले, "या मॅडम, या! तुमचीच वाट बघत होतो. प्रवास कसा झाला? बसा इथे, आमच्या शेजारी. मग काय, पहिल्या कँडिडेटला आत बोलवू या ना?"

कोमलने एकदा त्या खुर्चीकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"सर, ती आलीय!"