कोरड्या फरशीवरचं पाणी

सुलभाबाई गेल्या, असा त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. जुडी संपवून मगच उठले. त्याला दीड महिना झाला. बाई हट्टी होत्या आणि चहा फुळकवणी करायच्या, हे आधी लिहून टाकते. बाकी सगळं चांगलंच आहे.

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या एका शाळेत मी शिपाई होते. माझं शिक्षण चौथी. पंच्याऐंशीच्या सुमारास बाई पहिलीच्या वर्गावर आल्या, कच्च्या नोकरीवर. बदलापूरहून, बेलवलीतून यायच्या. पोरं म्हणजे तापल्या वाळूतले फुटाणे. पण बाईंनी छडी धरली नाही. डोक्यावर भरलेला हंडा आहे असं समजून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावायच्या. हंडा नाहीच, तरी साठ पोरं मान ताठ धरून, पाऊल बघून चालायची. मग खाली बसून डोळे मिटायचे आणि आत्ता काय ऐकू येतंय ते सांगायचं... शेजारच्या कारखान्यातलं शिलाई मशीन, कावळा, स्वतःचं पोट.

एकदा आतून ओरडा आला, "पाणी सांडलं, पाणी सांडलं!" मी फडकं घेऊन धावले. "पहाटेपासून नळावर उभी राहून मी पिंप भरते आणि तुम्ही पाणी नासवता?" बघते तर फरशी कोरडी. सगळी पोरं खिदळली. मी बाईंना म्हणाले, "तुमची नाटकं तुमच्यापाशी ठेवा!"

हा शब्द शाळाभर झाला. पालक येऊन हेडसरांना विचारू लागले, "शाळेत नाटकं शिकवता? घरी काय कमी करतात?" हेडसरांनी बाईंना सांगितलं, "तपासणीत हे दिसलं तर पुढच्या वर्षीची ऑर्डर विसरा." शब्द माझ्या तोंडून गेला होता. नोकरी बाईंची जाणार होती.

तपासणीच्या दिवशीही बाईंनी हंडे उचलायला लावले. साहेब आत आले तशी एक सिंधी पोरगी ओरडली, "साहेब, पैर उठाओ ना! पानी गिरा है!" साहेब थबकले. हेडसरांचं तोंड उतरलं. मी दारातच होते. आत जाऊन साहेबांच्या बुटांपुढे बसले, कोरडी फरशी पुसली, फडकं बादलीत पिळलं. साहेबांनी एक पाय उचलून मला वाट दिली आणि भिंतीच्या कडेने पुढे गेले. नंतर त्यांनी पाढा विचारला. सगळा वर्ग न अडखळता म्हणाला. त्यांनी शेरा काय लिहिला ते मला ठाऊक नाही. बाईंची ऑर्डर मात्र आली.

त्या दुपारी बाई म्हणाल्या, "मावशी, पिळलंत पण?"

"मग, ओलं फडकं तसंच टाकू?"

"शुक्रवारी शेवटच्या तासाला वर्गात या. मागच्या ओळीत बसा."

बसले. रिटायर होईपर्यंत बसले. गेल्या शुक्रवारी पालेगावच्या घरी, गॅलरीत डोळे मिटून बसले होते. कुकरची शिट्टी, खाली रिक्षा, माझा श्वास... सून घाबरली, "आई, बरं वाटत नाही का?"

म्हटलं, "गप. तास चालू आहे."