तोटीवर बसवलेली डमी

मी पोचलो तेव्हा सिंकखालच्या कपाटाचं दार समोरच्या भिंतीशी पडलं होतं. फरशीभर पाणी. गिझरची छोटी टाकी शिवणीवर उकललेली. काकू बाल्कनीत होत्या म्हणून वाचल्या.

फ्लॅट शहराच्या कडेला, बेसा भागातला. काकूंची हयात उमरेडला हातमागावर गेली, बोटं आखडलेली. थंडीत भांड्यांना गरम पाणी मिळावं म्हणून मुलानं, प्रशांतनं, हा गिझर घेतला होता. कंपनीचा मेकॅनिक म्हणून सर्व्हिसिंग माझ्याकडे.

आधी तो ठिबकायचा. लोक याला लीकेज म्हणतात, पण बहुतेक वेळा ते नसतं. पाणी तापलं की फुगतं, टाकीतलं प्रेशर वाढतं आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढं पाणी बाहेर सोडतो. त्याच्या तोटीला नळी लावून ती ड्रेनमध्ये सोडायची असते. फारच ठिबकत असेल तर बोअरच्या पाण्याचा क्षार व्हॉल्व्हमध्ये बसलेला असतो, नाहीतर सोसायटीच्या पंपाचं प्रेशर जास्त असतं. इथं पंपच होता. प्रेशर कमी करणारा पार्ट हवा होता, आणि तो स्टॉकमध्ये नव्हता.

कंप्लेंट पुन्हा आली तेव्हा सुपरवायझर फोनवर म्हणाला, "पार्ट येईल तवा येईल. आज कंप्लेंट क्लोज पाहिजे मले."

मी तोटीवर डमी बसवली. डमी म्हणजे पाइपचं तोंड बंद करायचं आट्यांचं बूच. आमच्यात हे चालतं, कुणी बोलत नाही. पार्ट आला की काढू, असं मनाशी म्हटलं. काढली नाही. मग थर्मोस्टॅट अडकला, पाणी उकळत राहिलं, आणि प्रेशरला जायला जागा नव्हती.

प्रशांतनं माझ्यादेखत विचारलं, "बटन बंद नव्हतं केलं काय वं, आई?"

"केलं होतं वाटते," काकू म्हणाल्या. "याद नाही येऊन राहिलं."

तोवर डमी माझ्या खिशात गेली होती. होतं असं, वय झालं की विसरतं माणूस, असं मी म्हणालो.

नवा गिझर बसवायला गेलो तेव्हा काकू ओट्यापासून लांब खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी गॅसला हात लावायचा नाही, असं घरात ठरलं होतं. धंतोलीत मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून स्मरणशक्तीची गोळी सुरू झाली होती. काकूंनी मला विचारलं, "भाऊ, नळ तरी सोडू काय मी?"

तेव्हा मी दोघांना सगळं सांगितलं.

"तवाच काहून नाही सांगितलं?" प्रशांत म्हणाला. नोकरी जायची भीती वाटली, मी म्हटलं. "अन् वय काढलं तिचं," तो म्हणाला आणि आतल्या खोलीत निघून गेला.

काकूंचा प्रश्न वेगळाच होता. "मंग मी बटन बंद केलं होतं काय?"

"ते मले माहीत नाही, काकू. प्रेशर चढल्यावर बंद केलं तरी टाकी फुटू शकते. पण डमी नसती, तर बटन चालू राहूनही फुटली नसती."

"म्हंजे ते कळायचं राहिलंच," त्या म्हणाल्या.

त्या घरी मला पुन्हा बोलावलं नाही. वॉचमनकडून कळलं की गोळी बंद झाली आणि काकू स्वयंपाक करतात. मात्र बटन बंद केलं की सुनेला बोलावून दाखवतात.

गिझर ठिबकत असेल तर नळी लावून घ्या. आणि एखाद्या मेकॅनिकनं ते ठिबकणं एका फेरीत थांबवलं, तर तो जायच्या आत वाकून बघा, त्यानं तोटीवर काय बसवलंय.